कान वाहतो, त्यात काय एवढे?

आपल्या वस्त्यांतून लहान मुलाचा कान वाहणे ही इतकी सर्रास दिसणारी गोष्ट आहे की तिला कोणी आजार म्हणतच नाही. ताप आला तर मूल दवाखान्यात जाते, जुलाब झाले तर जाते, पडून खोक पडली तर रात्री-अपरात्री रिक्षा करून नेतात. पण कानातून पू येत असेल तर घरातले वडीलधारे माणूस म्हणते, "दात येताहेत, वाहणारच." किंवा, "याच्या बापाचाही वाहत होता, मोठा झाल्यावर थांबला." मग कानात कापसाचा बोळा बसतो आणि विषय तेथेच संपतो. या विषयाची आम्हास जेवढी माहिती मिळाली तेवढी सभासद बंधू-भगिनींपुढे आणि विद्यार्थ्यांपुढे मांडावी, या हेतूने हा लेख लिहिला आहे. आम्ही डॉक्टर नाही. कला शाखेचे पदवीधर असून बँकेत कारकुनी करतो. तेव्हा येथे जे लिहिले आहे ते वाचून, जाणकारांना विचारून व आजूबाजूला पाहून समजून घेतलेले आहे. औषधोपचाराचा निर्णय डॉक्टरांचाच.

बँकेच्या काउंटरवर बसणाऱ्या माणसाला एक गोष्ट रोज दिसते. काही खातेदार बोलताना मान वळवून एक कान पुढे करतात. त्यात म्हातारी माणसे असतात हे खरे, परंतु चाळिशीच्या आतली माणसेही पुष्कळ असतात. ओळखीचा असेल तर आम्ही विचारतो. बहुतेक वेळा उत्तर एकच मिळते, "लहानपणी कान फुटला होता." सांगणाऱ्याला त्यात विशेष असे काही वाटत नाही. पण त्यातील कित्येकांनी शाळा मध्येच सोडलेली असते आणि का सोडली याचे कारण त्यांना स्वतःलाही नीट सांगता येत नाही. "डोक्यात शिरत नव्हते" एवढेच म्हणतात. डोक्यात शिरत नव्हते की कानातच शिरत नव्हते, हा प्रश्न त्या काळी कोणी विचारला नाही.

मूल बोलायला शिकते ते ऐकून. पहिली दोन-तीन वर्षे भाषा शिकण्याचा पाया असतो. या काळात कानात पाणी किंवा पू साचून राहिला तर मूल ठार बहिरे होत नाही, त्याला थोडे कमी ऐकू येते, आणि म्हणूनच ते कोणाच्या लक्षात येत नाही. ताट पडल्याचा आवाज त्याला येतो, हाक मोठ्याने मारली तर येतो. पण 'स', 'श', 'त', 'फ' असे हलके उच्चार निसटतात. हेच मूल पुढे वर्गात शेवटच्या बाकावर बसते, शुद्धलेखनात चुकते आणि गुरुजींच्या लेखी मठ्ठ ठरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे मुलांमधील श्रवणदोषांपैकी जवळजवळ ६० टक्के दोष वेळीच काळजी घेतल्यास टाळता येण्याजोगे असतात. आपल्या मुलांच्या शिक्षणासाठी आपण पोटाला चिमटा घेऊन शिकवण्या लावतो. त्या शिकवणीतला शब्द मुलाच्या कानापर्यंत पोहोचतो की नाही, हे पाहणे त्याच्याही आधीचे काम आहे.

कानाची मागची वाट

कानाचे तीन भाग असतात हे शाळेत सर्वांनी वाचलेले आहे. बाह्यकर्ण, मध्यकर्ण आणि अंतःकर्ण. बाहेरची नळी जेथे संपते तेथे ताणलेला पातळ पडदा असतो. त्याच्या पलीकडची लहानशी हवेची खोली म्हणजे मध्यकर्ण. हातोडी, ऐरण आणि रिकीब ही तीन इवलीशी हाडे याच खोलीत असतात. पडद्याची थरथर ती आतल्या कानाकडे पोहोचवतात. यातील रिकीब हे आपल्या शरीरातले सर्वांत लहान हाड होय.

आता मुख्य मुद्दा. या खोलीला एक मागचे दारही आहे. मध्यकर्णातून एक बारीक नळी निघते आणि ती नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या भागात उघडते. सोळाव्या शतकातील युस्टाची या इटालियन शरीरशास्त्रज्ञाच्या नावावरून तिला युस्टेशियन नलिका म्हणतात. घाटात गाडी चढताना कानाला दडे बसतात आणि आवंढा गिळला की 'टक्' होऊन मोकळे होतात, ती याच नळीची करामत. ती उघडते, हवा आत-बाहेर होते, आणि आतला ओलावा खाली घशाकडे निचरून जातो.

मोठ्या माणसात ही नळी लांब व चांगली तिरकी असते, साधारण ४५ अंशांच्या उताराची. तान्ह्या बाळात मात्र ती जवळजवळ निम्म्या लांबीची आणि बरीचशी आडवी, म्हणजे १० अंशांच्या आसपास असते. आपल्या मोरीची उपमा द्यायची तर मोठ्या माणसाच्या मोरीला उतार आहे, बाळाच्या मोरीला नाही. त्यामुळे सर्दी झाली, नाकामागची त्वचा सुजली की नळीचे तोंड बंद होते. आत पाणी साचते, नाकातले जंतू त्या आखूड वाटेने वर चढतात, पू होतो, दाब वाढतो आणि कान ठणकू लागतो. यालाच मध्यकर्णदाह म्हणतात. सहा महिने ते दोन वर्षे या वयात याचे प्रमाण फार असते. पुढे सहा-सात वर्षांपर्यंत नळी वाढते, उतरती होते आणि त्रास आपोआप कमी होत जातो. "मोठा झाल्यावर थांबेल" या समजुतीत एवढे तथ्य आहे. पण तोपर्यंत झालेले नुकसान भरून निघतेच असे नाही, हे समजुतीत येत नाही.

यावरून एक गोष्ट स्पष्ट व्हावी. लहान मुलाचा कान फुटतो तो बहुतेक वेळा बाहेरून आत गेलेल्या पाण्याने नव्हे, वाऱ्याने नव्हे, तर नाकाच्या वाटेने. पडदा शाबूत असेल तर आंघोळीचे पाणी मध्यकर्णात जाऊच शकत नाही. कानटोपी घालून, कुंची बांधून, कानात बोळे कोंबून आपण पुढचे दार बंद करतो आणि मागचे दार सताड उघडे ठेवतो. थंडीत बाळाला ऊब हवी म्हणून टोपडे जरूर घालावे. परंतु त्याने कान फुटायचा थांबत नाही.

मग घरी करण्यासारखे काय आहे? पुष्कळ आहे, आणि त्यातील बहुतेक गोष्टींना पैसा लागत नाही.

दूध पाजण्याची रीत

पहिले सहा महिने बाळाला केवळ आईचे दूध द्यावे, पाणीसुद्धा वरचे देऊ नये, आणि पुढे वरच्या अन्नाबरोबर दोन वर्षांपर्यंत अंगावर पाजावे, असा डॉक्टरांचा व जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. आईच्या दुधातून बाळाला रोगप्रतिकारक द्रव्ये मिळतात. अंगावर पिणाऱ्या बाळांना कानाचे दुखणे कमी होते असे पाहणीत वारंवार आढळले आहे.

अर्थात सांगणे सोपे आहे. आमच्या बँकेतील भगिनींना २०१७ सालच्या कायद्यातील दुरुस्तीने बाळंतपणाची रजा २६ आठवडे झाली, म्हणजे बरोबर सहा महिने. परंतु आपल्याच वस्तीतील धुणीभांडी करणारी, नाक्यावर कामाला उभी राहणारी, साफसफाईच्या ठेक्यावर जाणारी भगिनी सव्वा महिना झाला की कामावर हजर होते. तिला 'अंगावरच पाजा' असे व्यासपीठावरून सांगणाऱ्यांनी आधी तिच्या मालकांना काही सांगावे, असे आम्हास वाटते. असो. अशा मातेला एवढे करता येते की दूध स्वच्छ हाताने, स्वच्छ उकळलेल्या भांड्यात काढून ठेवावे आणि घरातल्या माणसाने ते वाटी-चमच्याने पाजावे. साध्या हवेत ते चार तास चांगले राहते. आपल्याकडच्या कडक उन्हाळ्यात त्याआधीच वापरावे.

बाटली शक्यतो टाळावी. बाटल्यांच्या व दुधाच्या पावडरीच्या जाहिरातींना आपल्या देशात १९९२ सालच्या कायद्याने बंदी घातली, ती उगाच नव्हे. बाटलीचा कानाशी संबंध असा की बाळ उताणे झोपलेले, तोंडात बाटली, बाटलीला उशीचा टेकू आणि आई स्वयंपाकात, हे दृश्य अनेक घरांत दिसते. आडव्या बाळाच्या तोंडात दूध आपोआप गळत राहते, घशामागे साचते आणि त्या आडव्या नळीतून कानाकडे जाते. जुन्या काळचे बोंडलेही काही वेगळे नव्हते. बाळाला पायावर आडवे घेऊन, नाक दाबून दूध किंवा गुटी घशात ओतण्याची रीत तर कानाला आणि छातीला, दोन्हींना घातक आहे.

तेव्हा नियम सोपा आहे. काहीही पाजताना बाळाचे डोके त्याच्या पोटापेक्षा उंच असावे, कान हाताच्या कोपरापाशी वर टेकलेला असावा. रात्री पडल्यापडल्या अंगावर पाजण्याची वेळ येतेच. तेव्हाही बाळाचे डोके आईच्या दंडावर घेऊन थोडे वर ठेवावे. झोपलेल्या बाळाच्या तोंडात बाटली ठेवून निघून जाऊ नये. सहा महिन्यांनंतर तोंडात सतत रबरी चोखणी देण्याची सवयही सोडवावी. तिच्यामुळेही कानाचे दुखणे वाढते असे दिसून आले आहे.

धूर

याविषयी आम्ही जरा विस्ताराने लिहिणार आहोत, कारण धुराचा आणि कानाचा संबंध आहे हेच बहुतेकांना ठाऊक नसते. धुराने नाकाची व त्या नळीची आतली त्वचा सुजते. त्या त्वचेवर सूक्ष्म केसांसारखे तंतू असतात, ते ओलावा व जंतू घशाकडे लोटत असतात. धुराने ते मंदावतात. म्हणजे आधीच उतार नसलेली मोरी, तिच्यात आणखी गाळ.

पहिला धूर तंबाखूचा. सार्वजनिक ठिकाणी विडी-सिगारेट ओढण्यावर २ ऑक्टोबर २००८ पासून देशभर कडक बंदी लागू झाली. परंतु दहा बाय बाराच्या खोलीत तान्ह्या बाळाशेजारी बसून ओढणाऱ्याला कोणता कायदा अडवणार? दारात उभे राहून ओढले तरी धूर आत येतो, आणि सदऱ्याला, हाताला चिकटलेला असतो तो वेगळाच. आपल्याकडे आणखी एक प्रकार आहे, तो म्हणजे मशेरी. मशेरी लावणाऱ्या आया-आज्या तिला व्यसन समजत नाहीत. पण तंबाखू तव्यावर भाजताना जो ठसका घरभर पसरतो, तो पाळण्यातल्या बाळालाही लागतो. मशेरीचे इतर दुष्परिणाम हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. निदान बाळ घरात असताना ती घरात भाजू नये.

दुसरा धूर चुलीचा. मे २०१६ मध्ये उज्ज्वला योजना सुरू झाल्यानंतर गावाकडच्या पुष्कळ घरांत गॅसची शेगडी आली. परंतु सिलिंडर भरून आणायला पैसे नसले की चूल पुन्हा पेटते, हे गावी जाणाऱ्या प्रत्येकाने पाहिले आहे. चुलीशिवाय इलाज नसेल तर बाळाला कडेवर घेऊन चुलीपुढे बसू नये. स्वयंपाक होईतो त्याला दुसऱ्या खोलीत, अंगणात, शेजारी, कोणाच्या तरी मांडीवर ठेवावे.

तिसरा धूर मात्र आपण हौसेने करतो. बाळ-बाळंतिणीला आंघोळीनंतर शेगडीवर ओवा, वेखंड, शेपा टाकून धुरी देण्याची चाल आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या आहे. आजी ती मायेने देते, त्याबद्दल शंका नाही. दमट दिवसांत बाळाचे अंग कोरडे व्हावे, ऊब मिळावी हा तिचा हेतू. पण कोंदट खोलीत, कपड्याचा आडोसा करून, महिनाभराच्या बाळाच्या नाकातोंडात धूर जाऊ देणे त्याच्या कोवळ्या श्वासमार्गाला मानवत नाही. अंग मऊ कोरड्या कपड्याने टिपावे, केस पुसावेत, गरम दुपट्यात गुंडाळावे. ऊबही मिळते आणि धूरही टळतो. डासांसाठी कॉइल जाळण्याऐवजी मच्छरदाणी लावावी. अगरबत्ती लावायची तर ती पाळण्याजवळ लावू नये. आजीला हे सांगताना मात्र पुस्तकी तोऱ्यात सांगू नये. "डॉक्टर बाईंनी धूर नको म्हणून सांगितलंय, आजी" एवढे म्हटले की पुष्कळदा ऐकतात, असा अनुभव आहे.

सर्दी आणि नाक

कानाचे दुखणे नाकातून येते म्हटल्यावर सर्दी जितकी कमी तितके बरे. घरात कोणाला पडसे असेल तर त्याने बाळाचे मुके घेऊ नयेत, शिंकताना तोंडावर रुमाल किंवा कोपर धरावे, बाळाला घेण्यापूर्वी साबणाने हात धुवावेत. शेंबूड पुसलेल्या पदराने बाळाचे तोंड पुसू नये. अंगणवाडीत, पाळणाघरात मुले एकत्र आली की सर्दी फिरतच राहते, ती पूर्णपणे टाळता येणार नाही. परंतु तेथील खेळणी धुणे, प्रत्येक मुलाचा रुमाल वेगळा ठेवणे हे ताईंना सांगता येते.

बाळाला नाक शिंकरता येत नाही. औषधाच्या दुकानात मिठाच्या पाण्याचे नाकात घालायचे साधे थेंब मिळतात. डॉक्टरांना विचारून पाजण्यापूर्वी ते घालावेत व सैल झालेला शेंबूड मऊ कापडाने टिपून घ्यावा. नाकात तेल सोडण्याची पद्धत मात्र बंद झाली पाहिजे. ते तेल श्वासाबरोबर फुप्फुसात उतरून न्यूमोनियासारखा आजार होऊ शकतो. तीन-चार वर्षांच्या मुलाला नाक शिंकरायला शिकवताना एका वेळी एकच नाकपुडी दाबावी. दोन्ही बाजू चिमटीत धरून जोराने शिंकरले तर शेंबूड कानाच्या नळीत ढकलला जातो. जे मूल कायम तोंड उघडे टाकून झोपते आणि घोरते, त्याच्या नाकामागची गाठ वाढलेली असू शकते. टाळू दुभंगलेल्या मुलांना तर कानाचा त्रास हमखास होतो. अशा मुलांना कानाच्या डॉक्टरांकडे लवकर न्यावे.

लस

कान फुटण्यास कारण होणाऱ्या जंतूंमध्ये न्यूमोकोकस हा प्रमुख आहे. न्यूमोनिया आणि मेंदूज्वर हेही त्याचेच प्रताप. त्यावरील लस पूर्वी केवळ खासगी दवाखान्यात मिळे आणि एका डोसला हजारो रुपये मोजावे लागत. म्हणजे ती श्रीमंतांच्याच मुलांना मिळे. २०१७ पासून ती सरकारी लसीकरणात टप्प्याटप्प्याने आली आणि २०२१ मध्ये देशभर लागू झाली. आपल्या पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटने तयार केलेली देशी बनावटीची लसही डिसेंबर २०२० मध्ये दाखल झाली. बाळ दीड महिन्याचे, साडेतीन महिन्यांचे आणि नऊ महिन्यांचे झाल्यावर असे तीन डोस सरकारी केंद्रात मोफत मिळतात. तिने कानाचे प्रत्येक दुखणे टळेल असे नाही, कारण इतरही जंतू आहेत. पण मोठा शत्रू दुबळा होतो.

गोवराच्या लसीचेही तसेच. गोवर उलटला की कान फुटतो हे जुन्या बायकांना ठाऊक असे. गोवर-रुबेला लस नवव्या महिन्यानंतर आणि पुन्हा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान द्यायची असते. पहिल्या डोसानंतर कार्ड ट्रंकेत जाते आणि दुसरा डोस राहून जातो, असे फार होते. वाचकांनी आज घरी गेल्यावर ते कार्ड काढून पाहावे.

तेल, काडी आणि कापूस

कान ही स्वतःला साफ ठेवणारी जागा आहे. कानातला मळ म्हणजे घाण नव्हे. तो धूळ आणि जंतू अडवतो आणि हळूहळू आपोआप बाहेर येतो. बाहेर आलेला तेवढा ओल्या कपड्याने पुसावा. हेअरपिन, आगकाडी, किल्ली, रिफिल यांनी कान कोरू नये. कापूस लावलेली काडीही नको, ती मळ आतच ढकलते. रस्त्यावर कान साफ करून देणारे, लाल टोपीवाले आता कमी झाले असले तरी जत्रेत दिसतात. त्यांच्यापुढे लहान मुलाला बसवू नये. एकाच सळईने दिवसभरात किती कान फिरतात याचा विचार करावा.

कानात तेल घालणे हा तर आपला घरगुती हक्कच झाला आहे. लसूण घालून कडवलेले तेल दुखऱ्या कानात सोडतात. ज्या कानाचा पडदा फुटला आहे त्यात हे तेल थेट मध्यकर्णात उतरते. तेल गरम असेल तर भाजते. ओल्या कानात बुरशी धरते आणि पावसाळ्यात ती फार हट्टी होते. आईचे दूध, कसला रस, फेस येणारे पेरॉक्साइड, शेजारच्या मुलाचे उरलेले थेंब, यांपैकी काहीही घालू नये. काही औषधी थेंब फुटक्या पडद्यातून आत गेल्यास ऐकण्याच्या नसेला इजा करू शकतात. कोणते थेंब चालतील हे पडदा पाहिल्याशिवाय डॉक्टरही सांगत नाहीत, मग औषध दुकानदार कसा सांगणार?

कान टोचण्याचाही येथे उल्लेख करतो, कारण दोहोंची गल्लत होते. टोचलेली पाळी पिकणे हे कातडीचे दुखणे आहे, मध्यकर्णाशी त्याचा संबंध नाही. टोचणाऱ्याची सुई निर्जंतुक असली म्हणजे झाले.

दुखणे ओळखणे

बोलता येणारे मूल कान दुखतो म्हणून सांगते. तान्हे बाळ कसे सांगणार? दोन-तीन दिवसांच्या सर्दीनंतर पुन्हा ताप चढला, बाळ रात्री आडवे ठेवताच किंचाळते, खांद्यावर उभे घेतले की थोडे शांत होते, दोन घोट चोखून तोंड काढते आणि रडते, तर कानाचा संशय घ्यावा. नुसता कान ओढणे हे खात्रीचे लक्षण नव्हे, बाळे खेळतानाही कान ओढतात. वेदनेसाठी डॉक्टर वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल सांगतात, तेवढेच द्यावे. ॲस्पिरिन मुलांना देऊ नये. काही वेळा डॉक्टर एक-दोन दिवस वाट पाहून मग जंतुनाशक औषध देतात, ते टाळाटाळ करतात असे समजू नये. मात्र औषध दिले तर ताप उतरला म्हणून मध्येच बंद न करता सांगितले तितके दिवस द्यावे.

येथे एक फसगत होते, ती सर्वांनी ध्यानात घ्यावी. रात्रभर रडणारे बाळ पहाटे एकाएकी शांत झोपते आणि सकाळी उशीवर पिवळा डाग दिसतो. घरच्यांना वाटते, बरे झाले, घाण निघून गेली. वास्तविक दाबाने पडदा फाटला म्हणून वेदना थांबली. असा पडदा पुष्कळदा आपोआप भरून येतो. पण काही मुलांत तो भरत नाही, भोक राहते आणि कान वर्षानुवर्षे न दुखता वाहत राहतो. दुखत नाही म्हणून कोणी नेत नाही, आणि हाच कान ऐकणे घालवतो. दोन आठवड्यांहून अधिक काळ वाहणारा कान जुनाट समजतात. दात येण्याचा त्याच्याशी काही संबंध नाही.

वाहणारा कान कोरडा ठेवणे हा उपचाराचा अर्धा भाग आहे, आणि तो आईलाच करावा लागतो. स्वच्छ, मऊ, पाणी शोषणाऱ्या सुती कापडाची वात वळावी. काडीला गुंडाळू नये. ती हळूच कानात ठेवावी, ओली झाली की काढून टाकावी व नवी ठेवावी, वात कोरडी बाहेर येईपर्यंत. असे दिवसातून निदान तीनदा करावे. डॉक्टरांनी थेंब दिले असतील तर ते यानंतर घालावेत. नंतर कान मोकळा ठेवावा, बोळा कोंबून ठेवला की पू आतच कुजतो. आंघोळीपुरता मात्र व्हॅसलीन लावलेला कापूस कानाच्या तोंडाशी ठेवावा आणि पडदा भरेपर्यंत विहिरीत, तलावात, स्विमिंग पूलमध्ये पोहू देऊ नये.

कानामागे सूज येऊन कान पुढे ढकललेला दिसला, चेहरा एका बाजूला वाकडा झाला, मान ताठ झाली, मूल सारखे ओकते किंवा गुंगीत राहते, तर सकाळची वाट न पाहता मोठ्या रुग्णालयात न्यावे. सहा महिन्यांच्या आतील बाळाला ताप व कानाचा त्रास असल्यास त्याच दिवशी दाखवावे.

ऐकू येते की नाही

पू थांबला म्हणजे काम संपले असे नाही. कानातले पाणी आटायला कित्येक आठवडे, क्वचित तीन महिनेही लागतात. त्यानंतरही मूल दुसऱ्यांदा हाक मारावी लावत असेल, टीव्हीजवळ जाऊन बसत असेल, तर श्रवणचाचणी करून घ्यावी. तान्हे बाळ मोठ्या आवाजाने दचकले पाहिजे. सहा महिन्यांचे बाळ आवाजाकडे मान वळवते, वर्षाचे आपल्या नावाला ओ देते आणि एखाद-दुसरा शब्द बोलते, दोन वर्षांचे दोन शब्द जोडते. चार-पाच वर्षांच्या मुलाच्या मागे हातभर अंतरावर उभे राहून कुजबुजत्या आवाजात 'चेंडू', 'पाणी', 'मांजर' असे शब्द म्हणावेत आणि एकेक कान बोटाने बंद करून त्याला तेच म्हणायला सांगावे. ही काही डॉक्टरी तपासणी नव्हे, पण संशय घेण्यास पुरेशी आहे.

बालकांच्या आरोग्य तपासणीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघर येथे सुरू झाला. त्यातील पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा व सरकारी शाळेत एकदा यावे असे ठरलेले आहे. तपासायच्या आजारांच्या यादीत वाहणारा कान व श्रवणदोष दोन्ही आहेत. पथक येईल त्या दिवशी कान वाहणाऱ्या मुलाला घरी ठेवू नये, उलट आवर्जून पाठवावे. तेथून मुलाला जिल्हा रुग्णालयात पाठवतात. मुंबईकरांसाठी वांद्रे येथे १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था आहे, तेथे श्रवणचाचणीची सोय आहे. पडद्याचे भोक राहिलेच तर ते शस्त्रक्रियेने बुजवता येते.

आणि चाचणीचा निकाल लागेपर्यंत, किंवा शस्त्रक्रियेची तारीख मिळेपर्यंत, शाळेत जाऊन वर्गशिक्षकांना सांगावे की या मुलाला पहिल्या बाकावर, चांगला कान फळ्याकडे व शिक्षकांकडे येईल असे बसवा, त्याच्याकडे तोंड करून बोला, आणि शुद्धलेखनाचे शब्द दोनदा सांगा. कोणता कान चांगला, हे चिठ्ठीवर लिहून द्यावे.